हयातीचा दाखला

नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं.
त्याचीच साईट शोधत होते, उदगिरात, भर दुपारी,
तर लॅपटॉपचा पडदा लालभडक झाला
आणि आतून कुणीतरी बोंबलायला लागलं.

सत्तेचाळीस व्हायरस.
मोजून सत्तेचाळीस, नावानिशी.
खाली फोन नंबर, आणि एक घड्याळ उलटं पळणारं.

मी नगरपालिकेत एकतीस वर्षं
जन्म-मृत्यूच्या टेबलावर होते.
माणूस दारात आला की आधी त्याच्या चपला ऐकायची.
पेढे घेऊन आलेल्या चपला वेगळ्या वाजतात.
मला घाबरवणं तसं सोपं नव्हतं.
पण त्या लॅपटॉपात नातीचे फोटो होते,
पेन्शनचे आकडे,
आणि ह्यांचा आवाज, एकोणीस सेकंदांचा:
"महानंदा, गॅस बंद केलास का?"
एवढाच शिल्लक आहे.
मी फोन लावला.

तिकडून केविन बोलला.
हिंदी धुतलेली, नीळ टाकून इस्त्री केलेली.
मॅडम, घाबरू नका. मॅडम, आता मी आहे.
मॅडम, तो बाण दिसतोय? आता मी हलवतो.
आणि बाण हलला.
माझा हात मांडीवर होता.

एकेक व्हायरस तो दाखवत गेला
आणि मी सवयीनं वहीत उतरवत गेले,
नाव, वेळ, मृत्यूचं कारण.

सहा हजार चारशे नव्याण्णव. पाच वर्षांची हमी.
ओटीपी मी चष्मा पुसून, सावकाश, दोनदा वाचला.
ऑफिसात तारखा अशाच वाचायचो आम्ही,
चूक व्हायला नको म्हणून.

हिरवी पट्टी ऐंशी टक्क्यांवर आली
आणि वायफायचा डबा डोळे मिटून बसला.
"लाईट गेली," मी म्हटलं.

"आत्ता गं माय!" केविन म्हणाला.

मग तो गप्प. मीही.
त्याच्या मागं दुसरे केविन बोलत होते, पन्नासेक तरी,
सगळ्यांच्या मॅडम घाबरलेल्या.

आत्ता गं माय.
हे शब्द दिल्लीत कुणी काढत नाही तोंडातून.
दूध उतू गेलं की, एसटी चुकली की,
देवणी, निलंगा, औसा, अहमदपूर,
एवढ्या टापूत निघतात ते,
निघतात म्हणजे अडवता येत नाहीत.

"कोणत्या गावचा रे बाळा तू?"

"मॅडमजी, लाईन क्लिअर नाही..."
हिंदी होती, पण इस्त्री मोडलेली.

"उदगीरच्या दवाखान्यात झाला असशील
तर तुझं नाव मी लिहिलंय.
माझ्या अक्षरात आहेस तू.
काना-मात्रा चुकला असंल तर सांग,
दुरुस्तीचा अर्ज असतो."

त्यानं लगेच ठेवला नाही फोन.
श्वास ऐकू येत होता.
मग हळूच, मागच्यांना कळू नये असं,
"ब्याटरी किती हाय, मावशी?"
"पुरंल," म्हटलं.
मग कट.

पैसे गेले ते गेले.
मुलगा पुण्याहून तासभर ओरडला,
मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं, जेवलीस का म्हणाला.
ते अँटिव्हायरस म्हणे नुसतं चित्र होतं,
हिरवी खूण उमटवायची, बाकी काही नाही.
दाखला मी शेवटी बँकेत जाऊन दिला.
अंगठा तिसऱ्यांदा लागला.

आणि सायबरच्या तक्रारीत एक रकाना होता,
संशयिताचं नाव.
केविन लिहावंसं वाटेना.
आमच्या रजिस्टरात कितीतरी पोरांची
नावाची जागा कोरी राहायची.
"बारसं झालं की या," असं सांगून पाठवायचो.
काही यायचे.
काही आलेच नाहीत कधी.

तो रकाना मी तसाच ठेवला.